रुसलेल्या बायांचा फर्मा

१. सहाच्या शेजारी आठ

सातवा फर्मा गेला होता. एखाददुसरं पान नाही, अख्खा गठ्ठा!

शनिवारची सकाळची शाळा सुटली, मी सायकल दामटत नाजियाखालाच्या ऑफिसात पोचले, तर बसंतीबाई मागच्या खोलीच्या उंबऱ्यात डोकं धरून बसलेली.

"शगू, पाय बरं व जरा. मलेच दिसून नाही राह्यलं का खरंच नाही?"

खरंच नव्हता. लांब टेबलावर गठ्ठे ओळीनं मांडलेले, प्रत्येकाच्या खाकी कागदावर जाड आकडा. पाच, सहा, आणि मग एकदम आठ.

आमचं ऑफिस म्हणजे विद्यापीठाचा धर्म-अभ्यास प्रकाशन विभाग. (माझं नाही, माझ्या खालाचं, म्हणजे मावशीचं. पण शाळा सुटली की मी तिथंच असते, त्यामुळे आमचं.) नाव लांबलचक, खोल्या तीन. जिल्ह्यात कोण कुठल्या देवापुढे, कुठल्या पीरापुढे काय मागतं आणि काय देतं, ते इथं पुस्तकात येतं. छपाई लोहारा गावातल्या प्रेसवर. एका मोठ्या तावावर सोळा पानं छापतात, त्याची घडी म्हणजे फर्मा. ताव आले की बसंतीबाई त्यांची घडी घालते, ते ओळीनं जुळवते, शिवते. झालं पुस्तक.

हे पुस्तक खालाचं होतं. चार वर्षं ती केळापूरपासून उमरखेडपर्यंत एसटीनं फिरली, कापूस वेचणाऱ्या बायांच्या बाजूला बसून त्यांचे देव लिहून आणले. रविवारी दुपारी प्रकाशन. विद्यापीठाचे पाहुणे येणार, आणि ज्यांच्याबद्दल लिहिलं त्या बायाही.

आणि सातव्या फर्म्यात काय होतं? 'रुसवा' नावाचं प्रकरण. पहिल्या वेचणीला आमच्याकडे शेतात सीतादही करतात. दगड मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, दहीभात शिंपडायचा आणि मग पहिला कापूस तोडायचा. मागच्या हंगामात, जेव्हा झाडावर बोंडं कमी आणि रस्त्यावर कॅमेरेवाले जास्त होते, तेव्हा केळापूरकडच्या एका गावात तानाबाई नावाच्या बाईनं दगड मांडले, हळदकुंकू वाहिलं, आणि दहीभाताचं गंज (म्हणजे पातेलं) तसंच खाली ठेवलं. म्हणाली, यंदा आधी तू दे. मग आम्ही. तिच्याबरोबर वेचायला येणाऱ्या जुबैदानं धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, पीरालाही तेच सांगितलं. चादर नाही म्हणजे नाही. सगळ्या बाया देवांवर रुसून बसल्या. त्या काय काय बोलल्या, ते खालानं शब्दाला शब्द लिहिलं होतं.

तेवढंच नेमकं गेलं होतं.

२. किल्ली

विभागप्रमुख वामनराव सर आले, त्यांनी टेबल पाहिलं आणि खालाकडे वळले.

"नाजियाबाई, काल कुलूप कुणी लावलं?"

"मी."

"किल्ली?"

"माझ्याकडेच होती."

"आणि कुलूप तुटलेलं नाही." सर चष्मा पुसत हळू बोलतात, ओरडत नाहीत. त्यामुळेच जास्त लागतं. "प्रेसमधल्या प्लेटा पुसल्या गेल्या. कागद संपला. आता सातव्याशिवाय बांधणी करा. प्रस्तावनेत एक चिठ्ठी जोडू, की लेखिकेच्या हलगर्जीपणामुळे एक प्रकरण गहाळ झालं."

"माझ्या सहीनं?"

"तुमचंच पुस्तक आहे."

खाला लाल झाली. "चिठ्ठी जोडायची असेल तर माझं नाव काढा मुखपृष्ठावरून. त्या बायांना मी तोंड कसं दाखवू? उद्या त्या बसनं येतील, पुस्तक उघडतील आणि शहाण्णवनंतर थेट एकशे तेरा!"

"विचार करा. उद्या बारापर्यंत," म्हणून सर आपल्या खोलीत गेले.

मी दप्तर खाली आपटलं. खालाला हलगर्जी म्हणतात? जी डाळीतला खडाही दोनदा निवडते तिला? "मी शोधते," मी म्हटलं.

कॉम्प्युटरवरून कपिलदादा हसला. हा अक्षरजुळणी करतो. "आली मोठी सीआयडी! आधी गणिताचा पेपर सोडव."

"गणितात अडुसष्ट पडले मले. तू सांग, काल गठ्ठा शेवटचा कवा पाह्यला?"

"मी मागं जातो कायले? माझा माउस भला अन् मी भला."

"खालाशी भांडलता ना तू? मुखपृष्ठावर नाव पाहिजे म्हणून?"

"भांडलो. आत्ताबी भांडतो. पूर्ण पुस्तक म्या बोटं झिजवून टाइप केलं. पण त्या सातव्यात माझ्या मामीचं बोलणं आहे, येडे. ते म्या चोरीन?"

बसंतीबाईला विचारलं. ती शुक्रवारी दुपारभर पुढच्या दारात बसून निमंत्रणांच्या घड्या घालत होती. ऑफिसला दार ते एकच, खिडक्यांना गज. "माझ्यासमोरून कोणी गठ्ठा नेला नाही. कपिल गेला त्याचा डबा घेऊन, साहेब गेले छत्री घेऊन, नाजियाबाई पर्स घेऊन. एवढा गठ्ठा काय पर्समधी जाते?"

दुपारी तो होता, हे मात्र पक्कं. साक्षीदार मी स्वतः! शुक्रवारी मधल्या दारावर बॅनर लावताना सरांना चार बोटं उंची कमी पडत होती, स्टूल चहावाल्याकडे गेलेलं. त्यांनी मागचा एक गठ्ठा ओढला, त्यावर उभं राहून खिळा ठोकला. मी खालून 'डावीकडं, अजून डावीकडं' करून ओरडत होते आणि सातचा आकडा माझ्या डोळ्यांसमोर होता.

म्हणजे दुपारी होता, दारातून गेला नाही, आणि सकाळी नाही. भूत आलं की काय!

सुरभीला हे सगळं सांगायची घाई झाली होती. सुरभी म्हणजे वामनराव सरांची मुलगी, माझ्याच बाकावर बसते. पण आज सकाळी ती शाळेत डबाही न आणता आली होती, माझे भजे खाऊन तणतणत होती. "आई रागावलीय बाबांवर. देवाचा दिवा गॅसच्या ओट्यावर लावायची पाळी आली म्हणे. स्वयंपाकच नाही केला." अशा माणसाला अजून काय ताप द्यायचा?

३. लोहारा

प्रेसवाले अब्दुल गनीचाचा या प्रकरणावर खूश नव्हते, हे सगळ्यांना माहीत होतं. पीराला दम दिलेला त्यांना खटकला होता. मी सायकलनं लोहाऱ्याला गेले. मशीन बंद होती. चाचा शाईचे हात घासलेटनं धूत होते.

"चाचा, सातवा फर्मा तुमच्याकडे राहिला का?"

"तौबा! बारा के बारा दिए. सायबांनी सोता मोजून जीपमधी टाकले. माझा पोरगा चढवून देत होता तर म्हणे राहू दे, मी करतो."

"तुम्हाला ते प्रकरण आवडलं नव्हतं ना?"

चाचांनी हात पुसले. "नाही आवडलं. नाजियाले तोंडावर सांगतलं. जुबैदा बोलली तसं बोलू नये. पण बेटा, माझ्या आवडीनं छापाचं म्हटलं तर निस्त्या लग्नाच्या पत्रिका छापाव्या लागतीन." मग स्वतःच हसले. "छापलं म्हणजे छापलं. पीराचं नाव आहे त्याच्यात. ते मी कुठी फेकू? माझे हात झडतीन."

मी सायकल वळवली तेव्हा ते मागून म्हणाले, "सायबाले सांग, उरलेला कोरा कागद नेला तर त्याची पावती पाठवा. दरवेळी म्हणतात, राहू दे चाचा तुमच्याकडं. ह्या वेळेस पहिल्यांदा नेला."

पावती! इथं खालाची इज्जत चाललीय आणि यांना पावती! मी पायडल मारलं.

४. पिंप

रस्त्यात एक भन्नाट गोष्ट सुचली. चाचा म्हणाले, कुठे फेकू. बरोबर! आमच्या ऑफिसात छापलेला कागद कोणीच फेकत नाही. प्रत्येक तुकड्यावर कोणाच्या ना कोणाच्या देवाचं नाव असतं. रद्दीत देत नाहीत, भज्यांना देत नाहीत, जाळत नाहीत. बिघडलेले ताव मागच्या खोलीतल्या पत्र्याच्या पिंपात साठतात आणि पावसाळ्यात नदीला पाणी आलं की सगळे मिळून ते सोडून येतात. चाचा म्हणतात ठंडे करायचे, बसंतीबाई म्हणते शिरवायचे.

मग गठ्ठा दारातून गेलाच नसेल तर? पिंपात असेल!

मी आल्या आल्या सगळ्यांना मागच्या खोलीत बोलावलं. सरही आले. मी हात कमरेवर ठेवले, म्हटलं, "चोर हुशार आहे, पण गठ्ठा ऑफिसच्या बाहेर गेलेला नाही," आणि पिंप आडवं केलं.

सळसळत सगळे ताव जमिनीवर पसरले. पहिला फर्मा, चौथा, दहावा, शाई फाकलेले, तिरके छापलेले. सगळे बिघडलेले. सातवा नव्हता.

"झालं सीआयडीचं?" कपिलदादा म्हणाला. माझे कान तापले.

पण मी खाली बसून ताव पाहायला लागले. प्रेसवाले बिघडलेले ताव त्या-त्या गठ्ठ्याच्या वरच ठेवून पाठवतात. बसंतीबाई गठ्ठा सोडते तेव्हा ते पिंपात टाकते. एकचे होते, दोनचे होते, बारापर्यंत सगळ्यांचे होते. सातचा एकही नव्हता.

"बसंतीबाई, सातवा तुम्ही सोडलाच नाही का?"

"कुठून सोडू? बाकीचे सगळे सोडून पाह्यले गुरुवारी, तर साहेब म्हणे सातवा राहू द्या, शेवटी करा."

म्हणजे त्या खाकी कागदाच्या आत काय आहे ते कोणीच पाहिलं नव्हतं!

तेवढ्यात सर म्हणाले, "बसंतीबाई, आधी हे उचला हो."

मी मान वर केली. सर खोलीच्या मध्ये एका पायावर उभे होते. तलावातल्या बगळ्यासारखे! दुसरा पाय हवेत, एका हातानं कपिलदादाचा खांदा धरलेला. चहूकडे ताव पसरलेले आणि त्यांना पाय टेकवायला जागा नव्हती. फाटक्या, शाई फाकलेल्या कागदावरही नाही. एकदा फोनवर कुलगुरूंशी बोलताना त्यांचा अंगठा एका प्रुफाला लागला होता, तर बोलणं मध्येच थांबवून त्यांनी वाकून नमस्कार केला होता.

बसंतीबाई ताव गोळा करेपर्यंत सर तसेच उभे राहिले.

आणि मला शुक्रवार आठवला. खिळा, बॅनर, आणि सातच्या आकड्यावर ठेवलेले दोन पाय.

५. पाय

सर घरी गेल्यावर मी खालाला आणि कपिलदादाला सांगितलं.

"ते सात नंबरवर उभे राहिले, कारण त्यात कोणाचंच नाव नव्हतं," मी म्हटलं. "आत कोरा कागद होता, हे फक्त त्यांनाच माहीत होतं. जीपमध्ये गठ्ठे त्यांनीच भरले. प्रेसवरचा उरलेला कोरा कागद पहिल्यांदा त्यांनीच आणला. त्याला खाकी गुंडाळून सात लिहिलं. खरा सातवा या दारातून आत आलाच नाही, मग बाहेर कसा जाईल?"

"अन् तो कोरा गेला कुठी?" कपिलदादा.

"कोरा कागद लपवायचा तर कुठे लपवशील?"

तो उठून कागदाच्या कपाटाकडे पळाला. वर लेटरहेड, त्याखाली प्रिंटरचे छोटे कागद, आणि सगळ्यात खाली दुमडून ठेवलेले मोठे पांढरे ताव.

"आयला," तो म्हणाला. "एवढा मोठा ताव आपल्याकडं कधीच नवता. माझ्या प्रिंटरमधी अर्धाबी घुसत नाही. अन् म्हणे कागद संपला!"

खाला मात्र खुश झाली नाही. खुर्चीवर बसली. "पण खरा फर्मा? जाळला असेल, शगू."

"नाही जाळणार. तुम्ही पाहिलं ना त्यांना एका पायावर? जाळणार नाहीत, नदी कोरडी आहे, रद्दीत देणार नाहीत, जमिनीवर ठेवणार नाहीत. जिथं कोणाचा पाय लागत नाही अशीच जागा..."

मी बोलता बोलता थांबले. गॅसच्या ओट्यावरचा दिवा!

त्यांच्या देवघरात दिव्याला जागा उरली नव्हती.

६. सुरभी

रविवारी सकाळी मी तिच्या घरी गेले, तर सुरभी केस विंचरत अंगणात आली. मी सगळं सांगितलं. चोर पकडायला मजा येते, पण चोर जर आपल्याच बाकावरच्या मैत्रिणीचा बाप असेल तर ते वेगळंच असतं.

"माझे बाबा चोर नाहीत," ती म्हणाली.

"मग देवघरात काय आहे?"

"शाल टाकलेली आहे. हात लावू नका म्हणालेत. ऑफिसचं काम आहे म्हणे."

"उचलून बघ."

"तू जाय इथून, शगुफ्ता." तिनं मला कधी पूर्ण नावानं हाक मारली नव्हती. दार लागलं.

मी रस्त्यात उभी राहिले. वाटलं, संपलं. फर्माही गेला, सुरभीही गेली. पण खरं सांगते, पुन्हा विचारायची वेळ आली असती तरी मी विचारलंच असतं. तिकडे केळापूरहून बस सुटली होती आणि तिच्यात तानाबाई होती.

७. बारा

ऑफिसच्या अंगणात मांडव, खुर्च्या, हार. तानाबाई आल्या, नऊवारीचा पदर खोचलेला, पायात प्लास्टिकच्या चपला. सोबत जुबैदा आणि आठ-दहा बाया. पाहुणे अजून यायचे होते.

सर चिठ्ठी घेऊन आले. "नाजियाबाई, सही."

"सही नाही," खाला म्हणाली. "आधी शगू काय म्हणते ते ऐका."

आणि मी सांगितलं. सगळ्यांसमोर, मोठ्यानं. पिंप, बगळा, खिळा, पाय, मोठे ताव. गनीचाचाही आले होते. माझ्या बोलण्यात कागदाचं आलं तेव्हा ते म्हणाले, "हो, नेला. पावती बाकी आहे."

सर चिठ्ठीची घडी घालत राहिले. "बॅनर लावताना मी कशावर उभा होतो, हे एका पोरीला आठवतं म्हणून तो पुरावा? बरं. मग खरा फर्मा कुठे आहे?"

मी देवघर म्हणणार, तेवढ्यात ऑटो थांबला.

आधी सुरभी उतरली. तिचे डोळे सुजले होते. मग तिची आई उतरली. दोघींनी मिळून शालीत गुंडाळलेला गठ्ठा बाहेर काढला, दोन्ही बाजूंनी धरून आणला आणि सरांच्या समोर टेबलावर ठेवला. खाली नाही.

"दोन दिवस ओट्यावर दिवा लावला मी," सुरभीची आई म्हणाली. "काल रात्री याच्यातलं एक पान वाचलं. मंग सगळंच वाचलं. तुम्ही हे लपवून राह्यलते?"

सुरभी माझ्याशी बोलली नाही. पण माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

सर खुर्चीवर बसले. एकदम म्हातारे दिसले. "मला फेकायचं नव्हतं ते. हंगाम उलटला, की काढणार होतो. देवस्थान ट्रस्टवाले येऊन गेले माझ्याकडे, दर्ग्याचेही. आधीच जिल्ह्याचं नाव काय झालंय! रोज कोणी कॅमेरा घेऊन येतं आणि रडगाणं दाखवतं. त्यात देवाला दरडावणाऱ्या बाया छापल्या, तर विभागच बंद करतील. तुमच्या सगळ्यांच्या नोकऱ्या..."

"रडगाणं नको म्हणता ना, सर?" खाला म्हणाली. "या अख्ख्या पुस्तकात कोणी रडत नाही असं हे एकच प्रकरण आहे. तेच काढलं तुम्ही. आणि दोष माझ्यावर."



"म्हणजे आमचंच गेलतं?" तानाबाईंनी मला विचारलं. मी मान हलवली. त्यांनी शाल बाजूला केली, छापलेल्या तावावरून हात फिरवला आणि पदर कमरेला आणखी घट्ट खोचला. "मंग बसून काय राह्यल्या व? जोडा की!"

अन् काय धमाल उडाली! बसंतीबाईनं घडी कशी घालायची ते एकदा दाखवलं. वेचणीच्या बोटांना काय अवघड! जुबैदा सहावा उचले, तिची शेजारीण सातवा, कपिलदादाची मामी आठवा. कपिलदादा मेणातून सूत ओढत होता, गनीचाचा मुखपृष्ठं चिकटवत पुटपुटत होते, "आवडलं नाही मले, पण शिलाई सरळ पाह्यजे." पाहुणे आले तर त्यांना खुर्च्या दिल्या आणि सांगितलं, थांबा, पुस्तक होऊन राह्यलं. ते थांबले. काय करतील!

जमतील तेवढ्या प्रती झाल्या. हार झाले, भाषणं झाली. मग सूत्रसंचालक म्हणाला, तानाबाई दोन शब्द बोलतील.

तानाबाई माइकपुढे आल्या, पुस्तक उघडलं आणि उलटसुलट पाहिलं. "मले वाचता नाही येत. माह्या तोंडचं आहे, पण वाचू कशी?" त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि पहिल्या रांगेत थांबवली. "साहेब, तुम्ही वाचा. दोन दिवस तुमच्याच घरी होतं."

सरांनी पाहुण्यांकडे पाहिलं, ट्रस्टच्या माणसांकडे पाहिलं. सुरभीनं माझा हात घट्ट धरला. मग सर उठले. पुस्तक दोन्ही हातांनी घेतलं, चष्मा नीट केला आणि वाचायला लागले, प्रार्थना म्हणतात तसं, खाली मान घालून.

"माय, यंदा आम्ही तुले काही देणार नाही. पोरीच्या अंगावर धडूत नाही अन् तुले कायचा दहीभात..."

"थांबा साहेब," तानाबाई म्हणाल्या. "असं नाही."

"मग?"

"जोरात वाचा. आम्ही हळू नवतो बोललो."